मल्टिपल स्क्लेरोसिस : न दिसणारा आजार, दिसायला हवी अशी जबाबदारी

एखादी शिक्षिका सकाळी उत्तम शिकविते आणि दुपारी तिला फळ्यापर्यंत जाणेही कठीण होते. बाहेरून ती धडधाकट दिसते. म्हणून कामचुकारपणाचा शिक्का बसण्यास वेळ लागत नाही. यामागे मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार असू शकतो.

विजेच्या तारेवर जसे आवरण असते, तसे मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंवर मायलिनचे आवरण असते. या आजारात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा त्यावरच हल्ला करते व संदेशवहन मंदावते. फ्रेंच वैद्य शार्को यांनी १८६८ मध्ये त्याचे पद्धतशीर वर्णन केले. आजाराची सुरुवात बहुधा २० ते ४० या वयात होते. स्त्रियांत त्याचे प्रमाण अधिक आढळते. एका डोळ्याची दृष्टी अंधुक होणे, हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे, लघवीवरील ताबा सुटणे व विलक्षण थकवा ही त्याची लक्षणे होत. उन्हाने वा तापाने ती तात्पुरती वाढतात. अनेक रुग्णांत ती काही आठवडे राहून ओसरतात व पुन्हा उद्भवतात. हा आजार संसर्गजन्य नाही.

निदानासाठी मज्जाविकारतज्ज्ञांची तपासणी व एमआरआय आवश्यक असतो. आजार समूळ बरा करणारे औषध अद्याप नाही. तथापि त्यास आवर घालता येतो. तीव्र झटक्यात स्टेरॉइड देतात. पुढील झटके कमी करणाऱ्या औषधांचा आरंभ १९९३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या इंटरफेरॉन बीटाने झाला. आता गोळ्या आणि शिरेवाटे द्यावयाची औषधेही आहेत. उपचार लवकर सुरू करणे हितावह असते. बरे वाटते म्हणून ते परस्पर थांबवू नयेत. व्यायामोपचार व विश्रांतीचे नियोजन यांचीही जोड हवी.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ दिव्यांगत्वांत या आजाराचा समावेश आहे. सेवेत असताना दिव्यांगत्व आल्यास कलम २० अन्वये शासकीय आस्थापनेतील कर्मचाऱ्यास सेवेतून काढता वा पदावनत करता येत नाही. विद्यमान पद झेपत नसेल, तर समान वेतनश्रेणी व सेवालाभ राखून त्यास अन्य पदावर नेता येते. हे संरक्षण स्थानिक प्राधिकरणांतील कर्मचाऱ्यांनाही आहे.

म्हणूनच मुख्याध्यापकांनी तळमजल्यावरील वर्ग द्यावा, कार्यालयप्रमुखांनी कामाच्या वेळेत मध्ये विश्रांतीची सोय करावी आणि पंचायत सदस्यांनी दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी मार्गदर्शन करावे. औषध आजाराला आवर घालते. माणसाला उभे ठेवण्याचे काम मात्र भोवतालच्या समाजाचे आहे.