मोटर परत यायला नको, शेजाऱ्याची यायला हवी!

आजच्या व्हिडिओत मोटर रिवायंडिंगच्या धंद्याबद्दल बोललो. त्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा इथे नीट लिहून देतो.

चंद्रपूर-गडचिरोली म्हणजे धानाचा पट्टा. पावसाने दडी मारली की रोवणी मोटरपंपावर येते. नेमकी तेव्हा मोटर जळली, तर पऱ्हे वाळतात. त्यात अंतरं बघा. सिरोंचा ते गडचिरोली साधारण 200 किलोमीटर. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद! अशा गावच्या शेतकऱ्याला त्याच मोटरसाठी दुसरी खेप पडली, तर भाडं जातं, दिवस जातो आणि कधी हंगामही जातो.

म्हणून गुंडाळी भरण्याआधी विचारा: मोटर जळली का? उत्तर मोटरमध्येच असतं.

1. जळाल्याची खूण वाचा. थ्री फेज मोटरच्या स्टार जोडणीत दोन फेजच्या गुंडाळ्या काळ्या आणि एक चांगली, किंवा डेल्टात एकच काळी, तर बहुतेक एक फेज गेला होता. तिन्ही सारख्याच जळाल्या असतील तर जादा लोड, कमी व्होल्टेज किंवा जाम बेअरिंग तपासा.

2. जुनं मोजून लिहा. तारेचा गेज आणि वेढे जसेच्या तसे ठेवा. बारीक तार घालून तांबं वाचवाल, पण मोटर तापेल.

3. घाई करू नका. वॉर्निश भट्टीत पूर्ण वाळू द्या. मग मेगरने इन्सुलेशन तपासा, मोटर चालवून तिन्ही फेजचा अँपिअर बघा.

4. कारणावर इलाज सांगा. सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवायला सांगा. स्टार्टरचा ओव्हरलोड रिले नेमप्लेटवरच्या अँपिअरप्रमाणे लावायला शिकवा.

"सर, मोटर टिकली तर आपलं गिऱ्हाईक कमी होईल ना?" हा प्रश्न नेहमी येतो. हिशोब करा. वॉरंटीत परत आलेली मोटर तुमची तार, मजुरी आणि नाव, तिन्ही खाते. टिकलेली मोटर गावात तुमची जाहिरात करते. शेतकरी पुढच्या वर्षी शेजाऱ्याला सोबत घेऊन येतो, "भाऊ, यांचीही बघा" म्हणतो. त्या दिवशी जे समाधान मिळतं, ते गल्ल्यात मोजता येत नाही. पण गल्ला त्यानेच भरतो.

आजचा गृहपाठ: एक वही करा. प्रत्येक मोटरची तारीख, गेज, वेढे आणि जळण्याचं कारण लिहा. वर्षाने मोजा, किती परत आल्या. तो आकडा म्हणजे तुमच्या कामाची खरी मार्कशीट!