उलमांची वाणी आणि संस्थेची हिशेबवही

मशिदी आणि मदरसे यांचा समाजावर व राजकारणावर काय परिणाम होतो, याची चर्चा बहुधा प्रवचनांच्या विषयांवरून होते. संस्थेची हिशेबवही सहसा कोणी उघडत नाही. वाचकहो, कैरोच्या अल-अझहरचा इतिहास या वहीपासून वाचून पाहावा.

इ.स. १८०५ मध्ये उस्मानी सुभेदार खुर्शीद पाशाच्या करांना आणि सैनिकांच्या लुटीला कैरोची जनता विटली होती. सय्यद उमर मकरम व अझहरचे प्रमुख शेख अब्दुल्लाह शरकावी यांच्या पुढाकाराने लोकांनी पाशाला पदच्युत ठरवले. मुहम्मद अली या सेनाधिकाऱ्याला सुभेदारीची वस्त्रे चढवली गेली. न्यायाने राज्य करावे आणि उलमांच्या सल्ल्याने चालावे, ही अट होती. उलमांना हे बळ कोठून आले? ज्ञानाचा मान होताच. पण विद्यार्थ्यांची भाकरी आणि शिक्षकांची उपजीविका मुख्यतः वक्फच्या उत्पन्नावर चालत होती, हेही विसरू नये.

मुहम्मद अलीने हे मर्म ओळखले. त्याने वक्फच्या जमिनींवर कराचा हात टाकला. उमर मकरम यांनी विरोध केला आणि १८०९ मध्ये त्यांना दिमयात येथे हद्दपार करण्यात आले. त्यांच्याविरुद्धच्या आरोपपत्रावर सह्या होत्या त्या काही उलमांच्याच! समकालीन इतिहासकार अल-जबर्ती स्वतः आलिम होता, तरी या प्रकरणात तो आपल्या वर्गाला पाठीशी घालत नाही. काही वर्षांतच वक्फच्या शेतजमिनी मोठ्या प्रमाणावर शासनाच्या ताब्यात गेल्या.

जमाल अब्दुल नासर यांच्या काळातील १९६१ च्या कायद्याने अझहर शासनाच्या चौकटीत पक्के बसवले गेले. वैद्यक व अभियांत्रिकीच्या शाखा आल्या, हा लाभ नाकारता येणार नाही. मात्र प्रमुखाची नेमणूक राष्ट्राध्यक्षांच्या हाती राहिली. निवडीचा अधिकार वरिष्ठ उलमांच्या मंडळाकडे आला तो २०१२ मध्ये.

आपल्या देशात १८५७ नंतर राजाश्रय संपला, तेव्हा देवबंदने वेगळी वाट धरली. १८६६ मध्ये सुरू झालेल्या या मदरशाचे नियम लिहिताना मौलाना मुहम्मद कासिम नानौतवी यांनी शासन व धनिकांचा सहभाग हानिकारक मानला. जहागिरीसारख्या निश्चित उत्पन्नाचीही त्यांना धास्ती होती. सर्वसामान्यांचा चंदा हाच आधार. आरंभी विद्यार्थी गावातील घरांतून जेवत. त्यांतील पहिले विद्यार्थी महमूद हसन पुढे ब्रिटिश सत्तेविरुद्ध उभे राहिले आणि १९१७ ते १९२० माल्टा बेटावर कैदेत होते.

अर्थात चंद्यालाही मालक असतो. हुंडा, व्याज, वारशातील मुलींचा हिस्सा या विषयांवर अनेक मिंबरांवरून जे मौन पाळले जाते, ते कोणत्याही सरकारी हुकमाने नव्हे. पहिल्या सफेत बसणारा देणगीदार दुखावेल, एवढे भय पुरेसे असते. म्हणून आपल्या मोहल्ल्यातील इमामांचे वेतन किती, ते कोण ठरवतो आणि त्यांना एका दिवसात कोण काढू शकतो, हे मुतवल्लींना अवश्य विचारावे.