काम बॅगेत मावते, माणूस मावत नाही

व्यापारी आणि कारागीर बंधूंनो, लॅपटॉपवर काम करीत देशोदेशी राहणाऱ्या माणसाला ‘डिजिटल नोमॅड’ म्हणतात. माकिमोतो आणि मॅनर्स या दोघा लेखकांचे याच नावाचे पुस्तक १९९७ साली निघाले. २०२० मध्ये एस्टोनिया व दुबईने आणि २०२४ मध्ये थायलंडने अशा लोकांसाठी वेगळा व्हिसा सुरू केला. आता आपल्या चंद्रपूर, बल्लारपूर, वडसा भागातली शिकलेली मुलेही विचारतात, “काम बॅगेत मावते, मग एकाच गावी का राहायचे?”

या प्रश्नावर बोलण्याचा थोडा हक्क आम्हा आठवडी बाजारवाल्यांना आहे. आज मूल, उद्या चामोर्शी, परवा अहेरी. कापडाचे गठ्ठे गाडीत आणि विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर. या धंद्याने आम्हाला शिकवले ते एवढेच, की काम फिरते असेल तर बाकीच्या चार गोष्टी पक्क्या लागतात.

पहिली गोष्ट, हिशेब. आखाती नोकरीत खोली आणि इलाज बहुधा मालकाकडे असतो. इथे सगळे स्वतःच्या खिशातून. समजा मुलाला महिना ८०,००० रुपये मिळतात. खोली २५,०००, जेवण व प्रवास २०,०००, विमा व इंटरनेट ५,०००, आणि वर्षाचे तिकीट व व्हिसा बारा महिन्यांवर वाटून १०,०००. उरले २०,०००, त्यातून कर वेगळा. एक महिना काम बंद पडले तर ६०,००० खर्च अंगावर येतो, म्हणजे तीन महिन्यांची बचत गेली. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडची वाट बंद होते. म्हणून आम्ही पावसाळ्याचे रिकामे बाजार आधी वजा करतो, मग वर्षाचा नफा मांडतो. मुलानेही तसेच करावे.

याच हिशेबात कायदाही येतो. थायलंडच्या त्या व्हिसासाठी पाच लाख बाथ शिल्लक दाखवावी लागते, एका वेळी १८० दिवस राहता येते, आणि तिथल्या स्थानिक कंपनीत नोकरी करण्याची मुभा त्यात नसते. एप्रिल ते मार्च या वर्षात १८२ किंवा अधिक दिवस भारतात राहिलेला माणूस करासाठी इथला रहिवासी ठरतो आणि साधारणपणे परदेशातली कमाईही इथे दाखवावी लागते. दिवस कमी भरले तरी इतर अटी असतात, म्हणून निघण्याआधी कर सल्लागाराला विचारावे.

दुसरी गोष्ट, झोपेची वेळ. न्यूयॉर्कचे ऑफिस उन्हाळ्यात सकाळी नऊला उघडते तेव्हा बँकॉकला रात्रीचे आठ वाजलेले असतात. म्हणजे काम पहाटे चारपर्यंत. समुद्र खिडकीबाहेर असला तरी दिवस झोपण्यात जातो. काम घेण्याआधी गिऱ्हाईक कोणत्या देशातले आहे हे पाहावे आणि काम थांबवण्याची वेळ ठरवून टाकावी. बाजार उठल्यावर पाल गुंडाळावेच लागते. लॅपटॉपला पाल नसते, म्हणून तो आपण बंद करावा.

तिसरी गोष्ट, प्रकृती. गडचिरोलीच्या जंगलात मुक्कामी जाणारा शहाणा व्यापारी गठ्ठ्यांबरोबर मच्छरदाणी नेतो, कारण मलेरिया पैसा पाहून येत नाही. परदेशी जाणाऱ्याने विमा, नेहमीच्या औषधांची चिठ्ठी आणि राहत्या जागेजवळच्या दवाखान्याचा पत्ता पहिल्याच दिवशी तयार ठेवावा.

चौथी गोष्ट, माणसे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात सहापैकी एक माणूस एकटेपणाने ग्रासलेला आहे. दर दोन महिन्यांनी गाव बदलणाऱ्याला तर ओळख वाढण्याआधीच निघावे लागते. आमच्या बाजारात शेजारचा भांडीवाला दर आठवड्याला तोच असतो. एखाद्या खेपेला आम्ही गेलो नाही तर तो चौकशी करतो. असा चौकशी करणारा माणूस परदेशात मिळवावा लागतो. जुम्म्याची एकच मशीद, एकच खाणावळ, एकच खेळाचे मैदान धरून ठेवावे. एका जागी निदान तीन-चार महिने राहावे. घरी फोनची वेळ ठरलेली असावी, आणि त्या फोनवर नुसते पैशाचे बोलू नये.

आता फायद्याची बाजू. फिरण्याने नजर वाढते. सिरोंच्याला तेलुगू ऐकू येते, भामरागडकडे माडिया, ब्रह्मपुरीकडे झाडीबोली. जो व्यापारी तिथली मोजणी आणि चार शब्द शिकतो, त्याला कोणता रंग, कोणता काठ कुठे खपतो हे कळते. जो शिकत नाही, तो गठ्ठे जसेच्या तसे परत आणतो. परदेशी राहून फक्त आपल्याच लोकांत बसणारा मुलगाही तसाच रिकामा परतेल.

म्हणून मुलाला एकदम नाही म्हणू नये आणि एकदम तिकीटही काढून देऊ नये. आधी तीन महिने नागपूर किंवा पुण्यात एकट्याने राहून, स्वतः खर्च भागवून तेच काम करायला सांगावे. रोजचा खर्च, झोपेचे तास आणि ज्यांच्याशी समोरासमोर बोलला ती माणसे एका वहीत लिहायला लावावी. तीन महिन्यांनी बापलेकांनी ती वही शेजारी बसून वाचावी. तिन्ही रकाने नीट भरलेले असतील, तर पासपोर्टचा अर्ज खुशाल करावा.