करुणेपासून सुख कसे उपजते?



मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात दगडाचा एक जुना तुकडा जपून ठेवला आहे. त्यावर ब्राह्मी लिपीतील काही ओळी कोरलेल्या आहेत. हा तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजी यांस सन १८८२ मध्ये सोपारा येथे सापडला. आज पालघर जिल्ह्यात असलेले हे सोपारा प्राचीन काळी शूर्पारक या नावाचे भरभराटीचे बंदर होते. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा हा अवशिष्ट भाग होय. संपूर्ण लेख गिरनार, कालसी इत्यादी ठिकाणच्या शिळांवर वाचावयास मिळतो.

त्या लेखाचा आशय थोडक्यात असा आहे. पूर्वीचे राजे करमणुकीसाठी प्रवासास निघत. त्यात मृगया व तशाच प्रकारचे विलास असत. अशोकाने राज्याभिषेकास दहा वर्षे झाल्यावर बुद्धास जेथे बोध झाला त्या स्थानाची यात्रा केली, आणि तेव्हापासून त्याच्या प्रवासाचा हेतूच बदलला. श्रमण व ब्राह्मण यांस भेटावे व दान द्यावे, वृद्धांची विचारपूस करून त्यांस द्रव्यसाहाय्य करावे, खेड्यापाड्यांतील प्रजेस भेटून धर्माविषयी संभाषण करावे, असा त्याचा क्रम सुरू झाला. लेखाच्या अखेरीस राजा सांगतो की, इतर कोणत्याही सुखापेक्षा आपणास यातच अधिक आनंद वाटतो.

हे शेवटचे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते. ज्याच्या सत्तेखाली अफगाणिस्तानपासून कर्नाटकापर्यंतचा मुलूख होता, ज्यास कोणताही भोग दुर्लभ नव्हता, तो राजा वृद्धांच्या भेटीस ‘आनंद’ म्हणतो. हे त्यास कोठून उमगले?

काही वर्षांपूर्वी हाच लेख वर्गात शिकवीत असता एका विद्यार्थ्याने उठून विचारले, “सर, दुसऱ्याचे दुःख पाहिले की आपल्यालाही दुःख होते. म्हणजे एकाचे दुःख दोघांचे झाले. मग दया केल्याने सुख वाढते, असे कसे म्हणता येईल?” प्रश्न बिनतोड होता. इतक्यात तास संपल्याची घंटा झाली, आणि खरे सांगावयाचे तर त्या घंटेनेच माझी लाज राखली. त्या प्रश्नाचे उत्तर मी बौद्ध ग्रंथांत शोधू लागलो. जे हाती लागले ते आज तुमच्यापुढे व तुमच्या पालकांपुढे ठेवीत आहे. ज्यांचा धर्म निराळा आहे त्यांनीही, माझ्याप्रमाणेच, ते निःसंकोचपणे तपासून पाहावे.

प्रथम स्वतःपासून आरंभ करू. ‘उदान’ नावाच्या पाली ग्रंथात एक छोटीशी कथा आहे. कोसल देशाचा राजा प्रसेनजित याने श्रावस्तीच्या राजवाड्यात आपली राणी मल्लिका हिला विचारले की, तुला स्वतःहून अधिक प्रिय असे कोणी आहे काय? राजाची काय अपेक्षा असेल हे सांगावयास नको! परंतु मल्लिका सत्यवादी होती. ‘मला माझ्याहून प्रिय कोणी नाही,’ असे ती म्हणाली व तोच प्रश्न तिने राजास केला. राजासही तेच कबूल करावे लागले. पुढे तो बुद्धाकडे गेला व घडलेला प्रकार त्याने निवेदन केला. बुद्धाने राणीस दोष दिला नाही. प्रत्येकास आपला जीव असाच प्रिय असतो. म्हणून ज्याचे स्वतःवर प्रेम आहे त्याने दुसऱ्यास पीडा देऊ नये, असा बोध त्याने त्यातूनच काढला. येथे स्वतःवरील प्रेमाची निंदा नाही. आपणास सुख हवे आहे ही जी आपली सर्वांत पक्की माहिती, तिच्याच आधाराने दुसऱ्याचे मन ओळखावे, असा हा मार्ग आहे.

आता मूळ शंकेकडे वळू. पाचव्या शतकात सिंहलद्वीपातील अनुराधपूर येथे बुद्धघोष नावाच्या आचार्याने ‘विसुद्धिमग्ग’ हा थोर ग्रंथ रचला. या ग्रंथाशी आपला एक निकटचा संबंध आहे. गोव्यातील साखवाळ गावी सन १८७६ मध्ये जन्मलेले धर्मानंद कोसंबी ज्ञानाच्या ओढीने घर सोडून निघाले, सिंहलद्वीपात जाऊन पाली शिकले, आणि त्यांनी आयुष्याची अनेक वर्षे या ग्रंथाच्या संपादनास वाहिली. त्यांची देवनागरी आवृत्ती सन १९४० मध्ये प्रसिद्ध झाली.

विसुद्धिमग्गात मनाच्या चार उदात्त वृत्तींचे विवेचन आहे. सर्वांचे कल्याण व्हावे अशी इच्छा ती मैत्री. दुःखिताचे दुःख दूर व्हावे अशी तळमळ ती करुणा. दुसऱ्याच्या सुखाने होणारा हर्ष ती मुदिता. आणि पक्षपातरहित समतोल मन ती उपेक्षा. (मराठीत आज ‘उपेक्षा’ म्हणजे हेळसांड असा अर्थ रूढ आहे, तो येथे घेऊ नये.) आचार्य सांगतात की, या प्रत्येक वृत्तीस दोन शत्रू असतात, एक दूरचा व एक जवळचा. करुणेचा दूरचा शत्रू क्रूरता. तो चटकन ओळखू येतो. जवळचा शत्रू मात्र करुणेचेच रूप घेऊन घरात शिरतो. तो कोण? शोक!

हे वाचले तेव्हा मला माझ्या वडिलांचे अखेरचे आजारपण आठवले. मी त्या वेळी तरुण होतो. त्यांस अंथरुणावरून उठवत नसे. त्यांचे हाल मला पाहवत नसत. म्हणून मी ओसरीवर जाऊन डोळे पुशीत बसे. येणारेजाणारे म्हणत, “मुलाचा वडिलांवर किती जीव आहे!” आत माझी धाकटी बहीण त्यांचे अंग पुशीत असे, कपडे बदलीत असे, चमच्याने पेज भरवीत असे. तिच्या डोळ्यांत मी क्वचितच पाणी पाहिले. एके रात्री वडिलांनी क्षीण स्वरात विचारले, “तो कोठे आहे?” ती म्हणाली, “बाबा, तो बाहेर आहे.” ते दोन शब्द मी उंबरठ्यापलीकडून ऐकले. आज इतक्या वर्षांनीही ते माझ्या कानांतून गेलेले नाहीत. माझे रडणे खोटे नव्हते. पण ते वडिलांसाठी नव्हते. ज्याला ते दृश्य सहन होत नव्हते त्या माझ्याचसाठी ते होते. शोक माणसास स्वतःकडे वळवितो, करुणा त्यास दुःखिताकडे नेते. दोहींचा आरंभ एकाच ठिकाणी, पण वाटा निराळ्या. माझ्या विद्यार्थ्याने करुणा म्हणून जिचे वर्णन केले ती वस्तुतः शोकाची वाट होती. शोकाने दुःख खरोखरच दुणावते.

करुणेची वाट कशी असते हे विनयपिटकातील ‘महावग्ग’ या ग्रंथातील एका प्रसंगावरून दिसेल. एकदा बुद्ध आनंदासह भिक्षूंची निवासस्थाने पाहत फिरत होता. एक भिक्षू अतिसाराने आजारी होऊन आपल्याच मलमूत्रात पडलेला त्यास आढळला. तुझी शुश्रूषा करणारा कोणी नाही काय, असे बुद्धाने विचारले. भिक्षू म्हणाला, ‘मी इतरांच्या उपयोगी पडत नाही, म्हणून तेही माझी काळजी घेत नाहीत.’ बुद्धाने आनंदास पाणी आणावयास सांगितले. बुद्धाने पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले. मग एकाने डोके व दुसऱ्याने पाय धरून त्यास उचलून मंचकावर निजविले. त्यानंतर भिक्षुसंघास एकत्र करून बुद्धाने समज दिली की, येथे तुमचे आईबाप नाहीत; तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करील? ज्यास माझी सेवा करावयाची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

या प्रसंगात विलाप नाही, उसासा नाही. पाणी आहे आणि काम करणारे चार हात आहेत. याच्याच पुढे त्या ग्रंथात चांगल्या शुश्रूषकाचे गुण दिले आहेत. त्यास औषध तयार करता यावे. पथ्य काय व अपथ्य काय हे कळावे. त्याने लाभासाठी नव्हे तर प्रेमाने सेवा करावी. मलमूत्र, थुंकी वा ओकारी काढण्याची किळस करू नये. आणि वेळोवेळी चार शब्द बोलून रुग्णाचे मन प्रसन्न करावे. रुग्णाचेही गुण सांगितले आहेत. त्याने पथ्य पाळावे, प्रमाण ओळखावे, औषध घ्यावे, आपले दुखणे वाढले की उतरले हे खरे सांगावे व वेदना धीराने सोसाव्यात. करुणा ही नुसती भावना असती तर औषधाच्या ज्ञानास त्यात पहिले स्थान मिळाले नसते. ज्यास दुसऱ्याच्या उपयोगी पडावयाचे आहे त्याने आधी काही शिकले पाहिजे, हे विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे.

आता सुखाविषयी. भोगाचे सुख लवकर ओसरते, हा सर्वांच्या अनुभवाचा विषय आहे. नव्या सायकलीचा आनंद पहिल्या आठवड्यात जितका असतो तितका सहाव्या महिन्यात राहत नाही. मग मन दुसरी वस्तू मागते. या न संपणाऱ्या मागणीस बुद्धाने तृष्णा म्हटले व तीच दुःखाचे मूळ मानली. शिवाय केवळ ‘माझे’ म्हणून जे सुख असते, त्यास ते हरवण्याची भीती चिकटलेलीच असते. मन दुसऱ्याच्या हितात गुंतले की तेवढा वेळ ही मागणी व ही भीती दोन्ही थांबतात. माझ्या बहिणीचा चेहरा त्या दिवसांत थकलेला असे, पण शांत असे. मी मात्र काही न करताच खचून गेलो होतो. यातील मर्म मला फार उशिरा कळले.

मुदितेचेही तसेच आहे. जो केवळ स्वतःच्या यशाने आनंदतो त्याच्या वाट्यास वर्षातून आनंदाचे दोनचार दिवस येतात. ज्यास वर्गातील चाळीस मुलांच्या यशाचा आनंद होतो, त्याची मिळकत चाळीसपट झाली. हा हिशेब गणितात कच्च्या असलेल्या मुलासही जमेल!

परंतु हे मन एका दिवसात घडत नाही. म्हणून विसुद्धिमग्गात पायऱ्या सांगितल्या आहेत. मैत्रीचा अभ्यास प्रथम स्वतःपासून सुरू करावा: ‘जसे मला सुख हवे तसेच इतरांसही हवे.’ मग आदरणीय गुरू, नंतर जिवलग मित्र, नंतर ज्याच्याशी ना स्नेह ना वैर असा मनुष्य, आणि सर्वांत शेवटी शत्रू. एकदम शत्रूपासून आरंभ करू नये, असे आचार्य स्पष्ट बजावतात. राग शमतच नसेल तर त्यांनी पुष्कळ उपाय सुचविले आहेत. एक उपाय असा की, आपण त्याच्यातील नेमक्या कशावर रागावलो आहोत हे स्वतःस विचारावे. केसांवर की नखांवर? दुसरा उपाय म्हणजे त्यास काही भेट द्यावी. याचे उदाहरण म्हणून एका भिक्षूची कथा दिली आहे. एका ज्येष्ठ भिक्षूने त्यास राहत्या जागेवरून तीन वेळा उठविले होते. तरीही त्याने आईने दिलेले आठ कार्षापणे किमतीचे आपले भिक्षापात्र त्या ज्येष्ठासच अर्पण केले.

या अभ्यासाची कसोटीही विलक्षण आहे. समजा, तुम्ही, तुमचा मित्र, एक तटस्थ मनुष्य व तुमचा शत्रू असे चौघे एकत्र बसला आहात. दरोडेखोर येऊन म्हणतात, ‘बळी देण्यासाठी यांतील एक आम्हांस द्या.’ कोणास द्याल? शत्रूस दिले तर मैत्री अपुरी, हे उघड आहे. ‘मला न्या, त्यांस सोडा,’ हे उत्तर आपणास फार थोर वाटेल. परंतु आचार्य म्हणतात, तेही अपुरेच! कारण चौघांपैकी एकाचे अहित त्यातही पत्करलेले आहे. जो चौघांपैकी कोणासही देण्याजोगा मानीत नाही, त्याच्याच मनातील भिंत पडली असे समजावे.

ही गोष्ट मी पालकांच्या, विशेषतः मातांच्या, दृष्टीस मुद्दाम आणतो. सर्वांस वाढून झाल्यावर उरलेसुरले खाणारी व आपले दुखणे लपवून ठेवणारी माउली आपल्या घरोघरी आहे. तिच्या त्यागास वंदन असो. पण त्या चौघांत तीही एक आहे. तिला वगळून घर सुखी होत नाही. आणि हे तिला कळण्याआधी तिच्या मुलांस कळले पाहिजे.

ज्या विद्यार्थ्याने मला तो प्रश्न विचारला तो शाळा सोडून गेला. पुन्हा भेटला तर मी त्यास सांगेन: बाळ, तुझा हिशेब शोकापुरता बरोबर होता. ओसरीवर बसून दुःख दोघांचे होते. आत जाऊन पाणी हाती घेतले म्हणजे ते अर्धे होऊ लागते, आणि जे उरते ते सोसण्याचे बळही येते.

बालमित्रांनो, तुमच्यापाशी अशोकाचे राज्य नाही, पण येती सुट्टी आहे. तीत एकदा तरी एखाद्या वृद्धाची वा आजाऱ्याची भेट घ्या. हळहळ व्यक्त करून परतू नका. औषध आणावयाचे आहे काय, पाणी भरावयाचे आहे काय, हे विचारा व ते काम करा. घरी आल्यावर आपले मन तपासा. दगडावर जे कोरले आहे ते खरे की खोटे, याचा निर्णय मग तुमचा तुम्हीच करा.