कुरिंग-गाई चेस : रान आणि माणसाच्या खुणा

ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराच्या उत्तरेस, हॉक्सबरी नदी समुद्रास मिळते त्या परिसरात, कुरिंग-गाई चेस हे राष्ट्रीय उद्यान आहे. इ. स. १८९४ मध्ये हा प्रदेश राखून ठेवण्यात आला. राष्ट्रीय उद्यान म्हणजे माणसाचा हात न लागलेले रान, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती येथे कितपत टिकते, हे पाहावयाचे आहे.

प्रथम भूरचना पाहू. येथील वालुकाश्म वीस कोटी वर्षांहून जुना असून त्यात नद्यांनी खोल दऱ्या कोरल्या. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. पुढे हिम वितळून पाणी चढले व त्या दऱ्या बुडून पिटवॉटरसारख्या खाड्या झाल्या. वरच्या पठारावरील माती पातळ व निकस आहे. त्यामुळे तेथे निलगिरी, बँक्सिया अशा चिवट वनस्पतींचे रान वाढले. यालाच तेथे ‘बुश’ म्हणतात.

या खाड्यांकाठी आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. त्यांनी खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचे ढीग काठाला आढळतात. कपारींत हातांच्या आकृती उमटविलेल्या आहेत. वेस्ट हेड भागातील सपाट खडकांवर मासे, वॉलबी व मानवाकृती कोरल्या आहेत. आधी ओळीने छिद्रे पाडावयाची, मग दगडाने घासून ती जोडावयाची, अशी ही रीत होती. तिरप्या उन्हात या रेषा स्पष्ट दिसतात.

मग हे रान निर्मनुष्य का वाटते? १७८८ मध्ये ब्रिटिश वसाहत झाली आणि १७८९ मध्ये देवीच्या साथीत सिडनी परिसरातील असंख्य आदिवासी दगावले. उरलेल्यांच्या जमिनी गेल्या. म्हणजे येथील शांतता निसर्गाची जितकी, तितकीच इतिहासाचीही आहे.

उद्यानाचे नावही याच संदर्भात तपासले पाहिजे. जॉन फ्रेझर यांनी १८९२ मध्ये ‘कुरिंगगाई’ हे नाव प्रचारात आणले. सिडनीतील आदिवासी वारसा कार्यालयाने २०१५ मध्ये या परिसरासाठी ते योग्य नसल्याचे मत मांडले. मूळ लोकांच्या सन्मानार्थ म्हणून रूढ झालेले नावही बाहेरच्याने दिलेले असू शकते, हा यातील धडा होय.

येथे जाणाऱ्याने कोरीव आकृतींवर पाय ठेवू नये, त्यांवरून रेघही ओढू नये. वालुकाश्म झिजतो आणि झिजलेली रेघ पुन्हा मिळत नाही. पाटीवरच्या नावापेक्षा या रेषाच त्या लोकांविषयी अधिक विश्वासार्ह साक्ष देतात.