रिक्षात घातलीस तेव्हा

खडेबाजार, बेळगाव

चि. सोनू,

हायवेला धडक बसलेली कुत्री तुम्ही पोरांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेली. तिथं कुणी हात लावला नाही, म्हणून तिला परत गल्लीच्या तोंडाशी ठेवून आलात आणि फोटो ग्रुपवर टाकलात. रात्री फोनवर मी एवढंच विचारलं, की सकाळपासून तिच्याकडं कोण गेलं? तू गप्प बसलास.

रागावून लिहीत नाही. माझंही असंच झालं होतं. गणपतीच्या आधीची गर्दी, आमच्या दुकानासमोरच टेम्पोचं चाक एका कुत्र्याच्या मागच्या पायावरनं गेलं. उचलून नेलं. दवाखान्यात म्हणाले, डॉक्टर कॅम्पला गेलेत, आणि मोकाट जनावराचा केसपेपर कुणाच्या नावानं करायचा? मी भांडलो, तणतणत परत आलो, त्याला फळीखाली गोणपाटावर झोपवलं आणि गिऱ्हाईक बघायला लागलो. चौथ्या दिवशी वास आला म्हणून वाकून बघितलं. जखमेत किडे वळवळत होते. ते जगलं नाही. दवाखान्याच्या नावानं मी महिनाभर बोटं मोडली, पण मधले तीन दिवस माझेच होते की रे.

माशी उघड्या जखमेवर अंडी घालते आणि दिवसभरात त्यातनं अळ्या बाहेर येतात. तेव्हा ‘उद्या बघू’ चालत नाही. १९६०च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याचं तिसरं कलम सांगतं, की जनावर ज्याच्या ताब्यात असेल त्यानं त्याची निगा राखायची, त्याला नाहक यातना होऊ द्यायच्या नाहीत. भटकी कुत्री आपल्या ताब्यात कुठं होती, असं वकील म्हणेल. मग रिक्षात घातलीस तेव्हा ती कुणाची होती?

दवाखान्यात नाही म्हटलं की ‘का’ ते विचारून घ्यायचं. एक्स-रे नाही, भूल द्यायची सोय नाही, की नुसती वेळ संपली? वेळ संपली असेल तर सकाळी दार उघडायच्या आधी तिथं उभं राहायचं. सोय नसेल तर ती कुठं आहे ते त्यांच्याकडनंच विचारून घ्यायचं, आणि जमल्यास कागदावर लिहून मागायचं. डॉक्टरवर लगेच तोंड टाकू नकोस. हे सरकारी दवाखाने मुख्यतः गाई-म्हशींसाठीचे, आणि एकेका डॉक्टरच्या गळ्यात कितीतरी गावं. जनावरांच्या मदतीच्या १९६२ या नंबरला फोन करून बघ, तो इकडं कर्नाटकातही चालतो आणि महाराष्ट्रातही. आणि न्यायचीच झाली, तर तुमच्या निपाणीहून बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ. सीमेचा वाद आपण माणसं घालतो, कुत्रीला त्याचं काय?

माणसाची दुखण्याची गोळी तिला देऊ नकोस, जिवावर बेतेल. पडल्या जनावराच्या तोंडात पाणी ओतू नकोस. उचलताना तोंडाला फडकं बांध, पण श्वास अडखळत असेल तर नको. दुखणारं जनावर भाकरी घालणाऱ्यालाही चावतं. चावलीच तर जखम पंधरा मिनिटं साबणानं वाहत्या पाण्याखाली धू आणि त्याच दिवशी रेबीजचं इंजेक्शन घे. आईपासनं लपवू नकोस.

एका वहीत तारीख, वेळ, कोण काय म्हणालं, ते लिहून ठेव. तुम्ही पाच जण आहात, रोज एकानं जायचं. आजची पाळी तुझी. पत्र वाचून झालं की आधी तिच्याकडं जा, जखम उजेडात बघ आणि मग मला फोन कर. दुकान रात्री नऊपर्यंत उघडं असतं.

तुझा,
मामा