रस्त्याचा पृष्ठभाग आणि वाहतुकीचा गोंगाट

वाहतुकीच्या गोंगाटाचा विषय निघाला की आपण हॉर्न आणि इंजिन यांनाच दोष देऊन मोकळे होतो. परंतु या गोंगाटात तिसराही एक वाटेकरी आहे, तो म्हणजे खुद्द रस्ता. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

मोटार सावकाश जात असताना इंजिनाचा आवाज अधिक असतो. वेग ताशी सुमारे ४० ते ५० किलोमीटरच्या पुढे गेला की टायर आणि रस्ता यांच्यातून निघणारा आवाज वरचढ ठरतो. टायरवरील नक्षीचे ठोकळे रस्त्यावर आपटून टायर कंप पावतो. शिवाय नक्षीच्या खाचांत सापडलेली हवा दाबली जाऊन जोराने बाहेर पडते. म्हणूनच खडी उघडी पडलेल्या किंवा दगडी फरसबंदीच्या रस्त्यावर आवाज वाढतो. याउलट सच्छिद्र डांबरी थरात हवेला वाट मिळते व काही आवाज शोषलाही जातो. नेदरलँड्समधील बहुतेक महामार्गांवर असा थर आहे. नव्या थरामुळे आवाज सुमारे ३ डेसिबलने घटतो. हा आकडा किरकोळ वाटेल; पण ३ डेसिबल घट म्हणजे ध्वनिऊर्जा निम्मी होणे, जणू रस्त्यावरची निम्मी वाहने कमी होणे. मात्र छिद्रे धुळीने बुजली की हा गुण ओसरतो.

आपल्याकडे मुख्य प्रश्न खड्ड्यांचा. खड्डा आला की चालक ब्रेक मारतो, गिअर बदलतो आणि पुन्हा इंजिन रेटतो. हौदा हादरतो, फाळक्याच्या साखळ्या खडखडतात. माझे वडील ट्रकवर क्लीनर होते. ‘भरल्या गाडीपेक्षा रिकामी गाडी जास्त ओरडते,’ असे ते सांगतात. त्यात शास्त्र आहे. मालाच्या वजनाने पाटे दबलेले असतात व हौदा जागेवर राहतो. रिकामा हौदा प्रत्येक धक्क्याला उडतो. खड्ड्यावर टाकलेले उंच ठिगळही हेच काम करते.

ध्वनिप्रदूषणविषयक २००० सालच्या नियमांनुसार शिक्षणसंस्था, रुग्णालये व न्यायालये यांच्याभोवती किमान १०० मीटरचे शांतता क्षेत्र घोषित करता येते. तेथील मर्यादा दिवसा ५० व रात्री ४० डेसिबल आहे. ‘हॉर्न वाजवू नका’ ही पाटी चालक पाळू शकेल; पण खड्ड्यातून जाणाऱ्या ट्रकला गप्प करणे त्याच्या हाती नसते. ते काम रस्ता राखणाऱ्यांचे आहे. अर्थात रस्ता गुळगुळीत झाला की वेग वाढतो आणि वेगाबरोबर आवाजही. तेव्हा दुरुस्तीच्या जोडीला वेगमर्यादाही हवी.

मागच्या बाकावरील विद्यार्थ्याला व्याख्यानातील नेमका शब्द ऐकू न येणे ही केवळ गैरसोय नव्हे. ज्यांच्या घरी अभ्यास सांगणारे कोणी नाही, त्यांच्या हाती वर्गात ऐकलेले तेवढेच लागते. म्हणून महाविद्यालयासमोरील रस्त्याची डागडुजी हाही शिक्षणाचाच प्रश्न मानला पाहिजे.